डाळ मिलची चाळणी आणि समुद्रातलं बेट

मी डाळीची बाई. डाळ विकत नाही, भरडतही नाही. डाळ मिलवाल्यांना सॉफ्टवेअर लिहून देते. ‘देत होते’ म्हणायला हवं, कारण जठारपेठेतलं आमचं ऑफिस आता भाची सांभाळते आणि मी तिथे जाऊन फक्त तिच्या चहाला नावं ठेवते. अकोल्यात डाळ मिली इतक्या, की वारा फिरला तर माणूस नाकानेच सांगतो, आज तूर चालू आहे का हरभरा. या मिलींसाठी मी जे लिहिलं त्याचं नाव ‘चाळणी’. कोणत्या मशीनवर किती माल टाकायचा, कोणत्या पाळीला कोण, पोती किती निघाली, कोणतं मशीन थकलं, हे सगळं चाळणी पाहायची. मोठ्या कंपन्यांचं सॉफ्टवेअर काही चुकलं की आधी माफी मागतं. माझी चाळणी कोणाची माफी मागत नसे. ‘माल कमी. कारण सांगा.’ असं तोंडावर विचारायची. मिलवाल्यांना ते आवडायचं. म्हणायचे, मॅडम, घरचंच कोणी बोलून राहिलं असं वाटते.

गिऱ्हाईकं एकेक नमुना. एका शेठजींनी दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली, ती इतकी मनापासून की कीबोर्डच्या फटींत हळद, कुंकू, अक्षता आणि वरून पळीभर पंचामृत. दुसऱ्या दिवशी मला फोन: “तुमचं सॉफ्टवेअर बिघडलं.” दुसऱ्या एका मिलमध्ये मुनीमजींनी माऊस चोरीला जाऊ नये म्हणून टेबलाच्या पायाला सुतळीने बांधला होता. सुतळी आखूड. त्यामुळे माऊस स्क्रीनच्या उजव्या अर्ध्यापर्यंतच पोचायचा आणि डाव्या बाजूची बटणं त्या मिलमध्ये कोणी कधी दाबलीच नाहीत. मुनीमजी मला म्हणाले, “तिकडलं काई लागत नाई आमाले.” अशा माणसांत माझं आयुष्य गेलं, आणि मजेत गेलं.

तर एक दिवस अमरावतीहून श्रीधरभाऊ आले. वीज खात्यातून निवृत्त, उंच, काटकुळे, खांद्यावर तांब्याच्या तारेचं भेंडोळं. आल्या आल्या खुर्ची ओढून बसले.

“ताई, तुमी मिलचं करता न?”

“करते.”

“मले बेटाचं करून पायजे.”

“बेटावर मिल टाकताय का?”

“मिल नाई. रेडिओ.”

मग त्यांनी दोन चहा आणि एक दुपार खर्च करून मला जे सांगितलं, ते थोडक्यात असं. जगात हौशी रेडिओवाले नावाची एक जमात आहे. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, घरात सेट मांडायचा, गच्चीवर तार बांधायची आणि हजारो मैलांवरच्या अनोळखी माणसाशी बोलायचं. मोबाईल आहे की हातात, असं त्यांना म्हणायचं नाही. फार राग येतो. यातले बरेच जण देश गोळा करतात. आज ब्राझील लागला, काल फिनलंड. पण काही जागा अशा, की तिथे रेडिओवाला राहतच नाही. उदाहरणार्थ, समुद्रातलं एखादं ओसाड बेट. मग पंचवीस-तीस रेडिओवाले मिळून तंबू, जनरेटर, खांब, तारा घेऊन तिथे जातात आणि आठ-पंधरा दिवस बोलत बसतात. ते बेट ‘हवेत’ आलं, ही बातमी पसरली की सगळं जग एकदम तुटून पडतं. शेकडो जण एकाच वेळी आपापलं नाव ओरडतात. त्या गलक्यातून एक नाव पकडायचं, “पाच-नऊ” म्हणायचं, तो “पाच-नऊ” म्हणतो, संपलं. चार सेकंद. पुढचा.

पाच-नऊ म्हणजे तुमचा आवाज खणखणीत येतोय. मोहिमेत सगळ्यांना पाच-नऊच सांगतात, आवाज येवो न येवो.

“आता मले सांगा,” श्रीधरभाऊ म्हणाले, “सेट सात, माणसं तीस, पाळ्या चोवीस तासाच्या. कोणत्या सेटवर कोण बसन, कोण झोपन, कोण भात टाकन, डिझेल किती उरलं, एकच माणूस दोनदा त नाई लागला, हे कोण पाहीन? मागच्या खेपेले आमी कागदावर केलं. दोघं एकाच खुर्चीवर येऊन बसले अन् जनरेटरपाशी कोणीच नाई.”

मी विचार केला. तंबू म्हणजे शेड. सेट म्हणजे मशीन. एक संभाषण म्हणजे एक पोतं. म्हटलं, “भाऊ, ही तर डाळ मिलच आहे.”

“मंग काहून नाई जमत?”

जमलं. चाळणीतून तूर-हरभरा काढला, जपान-जर्मनी घातलं. काही गोष्टी काढायच्या राहिल्या. चालत्या सॉफ्टवेअरला फार हात लावू नये, हा माझा धर्म. त्यामुळे संभाषणांचा आकडा शेवटपर्यंत ‘पोती’ याच नावाखाली दिसत राहिला. पुढे केरळचे कुरियन, हे मोहिमेचे उपप्रमुख, अगदी गंभीर चेहऱ्याने “टुडे हाऊ मेनी पोती?” असं विचारायला लागले आणि तो शब्द म्हणे अजून त्यांच्या मंडळात चालू आहे.

श्रीधरभाऊंनी मला परीक्षाही द्यायला लावली. “पाण्यात न उतरता पोहणं शिकवून राहिल्या तुमी,” म्हणाले. मी पास झाले, परवाना आला, एक जुना सेट त्यांनीच बसवून दिला आणि आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या देशपांडेकाकूंच्या जिन्यापर्यंत तार गेली. काकू त्या तारेवर टॉवेल वाळत घालायच्या. त्यांना सांगितलं, टॉवेल घातला की मला सिंगापूर ऐकू येत नाही. त्या म्हणाल्या, मग सिंगापूरचं काम उन्हं उतरल्यावर करत जा.

मोहिमेआधी चिखलदऱ्याला रंगीत तालीम झाली. दोन दिवस, खरे सेट, खरे तंबू. चाळणीने पहिल्याच सकाळी पंधरा माणसांच्या नाश्त्याला पोहे लावले आणि निघाली चतुर्थी, निम्मे उपाशी. मी तंबूत बसून ‘उपास’ असा नवा रकाना घातला. कुरियननी विचारलं, हा काय प्रकार आहे? म्हटलं, हे तुम्हाला कळायला जन्म घ्यावा लागेल. दुपारी जपानचा आवाज उगाच वर-खाली व्हायला लागला. आम्ही सगळी बटणं पाहिली, केबल तपासल्या. शेवटी बाहेर जाऊन पाहिलं तर अँटेनाच्या तारेला दोन वानरं लोंबकळून झोके घेत होती. चाळणीत वानरांचा रकाना नव्हता.

पण खरं भांडण झालं ते खुर्चीवरून. एक डॉक्टर होते. त्यांनी सामान आणायला आपली गाडी दिली होती. ते सेटवर बसले ते उठेचनात. पाळी संपली, दुसरा येऊन मागे उभा राहिला, तिसरा येऊन खाकरला. डॉक्टर आपले बोलतायत. श्रीधरभाऊ दिवसभर खांब उभे करत होते, त्यांना स्वतःला खुर्ची मिळालीच नाही. पण त्यांना राग आला तो दुसऱ्यांसाठी. माझ्याकडे आले.

“ताई, मिलच्या चाळणीत एखादं मशीन कमी माल काढत असन तर काय करता?”

“सरासरीखाली गेलं की त्याचा माल दुसरीकडे वळवायचा. आणि त्याच्यासमोर लाल अक्षरात लिहायचं, ‘देखभालीत’.”

“बस. थेच ठेवा माणसायले. ज्याचे पोते कमी, थो खुर्चीवरून उठन. डॉक्टर असो का कलेक्टर असो. उठला का स्वयंपाकात नाई त जनरेटरवर. अन् बेटावर पाय ठेवला का हे कोणाले बदलता आलं नाई पायजे. मले बी नाई.”

“मला येणारच की हो. मी लिहिलंय.”

“तुमी बदलायचं नाई. सांगा, नाई बदलणार.”

“नाही बदलणार.”

“आता कसं!” म्हणाले आणि पुन्हा खांब रोवायला गेले. त्या क्षणी कोणाच्याही डोक्यात आलं नाही, की या माणसाला पोती काढताना आपण कधी पाहिलेलंच नाही.

मोहीम निघाली. लक्षद्वीपाकडचं एक ओसाड बेट, दहा दिवस. श्रीधरभाऊंनी घरचा सेट नेला, गच्चीवरची तार नेली, खांब नेला, हातासरशी वहिनींचा वाळवणाचा दोरही नेला. आणि बेट हवेत आलं त्याच संध्याकाळी निर्मलावहिनी, त्यांची बायको, हातात पिशवी घेऊन अमरावतीहून माझ्या दारात.

“ताई, आमच्या घरी आता भित काय ते उरलं. तुमच्याकडं ऐकू येते न?”

“काय?”

“यायचं बोलणं. बेटावरून बोलणार हायेत हे. मले ऐकायचं हाय.”

मी त्यांना आत घेतलं, पाणी दिलं. आणि मग त्या बोलत सुटल्या. लग्न झाल्यापासून नवरा मागच्या खोलीत. दार लोटलेलं. भिंतीपलीकडून हॅलो, हॅलो. पाहुणे आले तरी हॅलो, दिवाळी असली तरी हॅलो. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, त्या ओरडताहेत, आणि हे आत इटलीला सांगताहेत की अमरावतीत हवा छान आहे. नांदगाव खंडेश्वरला सासर. तिथली सगळी मंडळी, खास करून नणंद, तोंडावर म्हणायची, वयनी, दादा भिताडाशी बोलते का वं? वहिनी हसून न्यायच्या. पण या खेपेला जाताना श्रीधरभाऊंनी त्यांना सांगितलं होतं, तू ऐकजो, मंग तुले समजन मी इतके सालं काय करत होतो. आणि वहिनींनी ते नांदगावात सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

“एकदा ऐकू द्या, ताई,” त्या म्हणाल्या. “अर्धं आयुष्य त्या दारापाशी गेलं माझं. आतमधी काय होतं थे तरी कळू द्या.”

मी हॉलमध्ये सेट मांडला. दोघी बसलो. बेट लगेच लागलं. कुरियनचा आवाज, मग कोण्या बंगाल्याचा, मग त्याच डॉक्टरांचा. हा गलका, ही घाई, पाच-नऊ, पाच-नऊ, पाच-नऊ. वहिनींनी भाजी निवडता निवडता ऐकलं.

“हे कवा येतीन?”

“पाळ्या असतात. येतील.”

दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. श्रीधरभाऊ काही येईनात. मी चाळणी उघडली. बेटावरून दिवसातून एकदा माहिती यायची. नावांच्या यादीत सगळ्यात खाली लाल अक्षरं: श्रीधर, देखभालीत.

वहिनी आंघोळीला गेलेल्या पाहून मी फोन लावला. बेटावर रेंज यायची ती फक्त स्वयंपाकाच्या तंबूमागे, म्हणून फोन श्रीधरभाऊंनीच उचलला.

“भाऊ, कुठे आहात?”

“कांदे चिरून राहिलो.”

“का?”

“देखभालीत आहो, ताई,” असं म्हणून ते स्वतःच हसायला लागले. मग कुरियननी फोन घेऊन मला सगळं सांगितलं. पहिल्या सकाळी मानाची पहिली पाळी श्रीधरभाऊंची. सगळा जपान ओरडत होता. यांनी एक नाव पकडलं आणि त्याला विचारलं, तुमच्याकडे हवा कशी आहे? घरी कोण कोण असतं? जेवण झालं का? जपान्याला जेवणाचं विचारतात, आणि मागे तीनशे माणसं कोकलतायत. तासाभरात इतरांची पोत्यांची थप्पी लागली आणि यांची जेमतेम गोणी. चाळणीने लाल दिवा लावला. माल कमी, कारण सांगा. श्रीधरभाऊंनी कारण लिहिलं: ‘माणूस चांगला होता.’ चाळणीला ते पटलं नाही.

मी पुन्हा श्रीधरभाऊंना घेतलं. “भाऊ, वहिनी माझ्याकडे येऊन बसल्यात. तुमचा आवाज ऐकायला. मी नियम सैल करते, एक आकडा बदलायचा आहे फक्त.”

सुरी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, “तिले नका सांगू मी कांदे चिरून राहिलो म्हणून.”

“नाही सांगत. बदलू ना?”

“नाई. डॉक्टर काल उठले खुर्चीवरून, माहीत आहे? नियम दाखवला, उठले. आता मी माह्यासाठी नियम मोडू? बाप्पा!”

“अहो पण वहिनी...”

“तुमी सांगतलं होतं, नाई बदलणार.”

माझा असा संताप झाला की विचारू नका. त्यांचा नाही, माझाच. मिलमध्ये इतकी वर्षं मी अभिमानाने सांगत आले, चाळणी माणूस पाहत नाही, माल पाहते. आता तीच चाळणी माझ्या हॉलमध्ये बसलेल्या बाईकडे पाहत नव्हती. वहिनी बाहेर आल्या, केस पुसत म्हणाल्या, “काय म्हने?” मी म्हटलं, देशपांडेकाकू. त्यांना टॉवेल काढा म्हणत होते. खोटं बोलायलाही मला नीट जमत नाही.

पाचव्या दिवशी वहिनींनी पिशवी भरायला घेतली. “जाऊ द्या ताई. नसन होत त्यायच्यानं. जगाशी बोलणारा माणूस, मी ऐकते म्हटलं तवा आवाज बसला.” हसत म्हणाल्या, पण पिशवीची गाठ तीनदा सोडून तीनदा बांधली. मला ते पाहवेना, म्हणून मी उगाच चाळणी उघडून बसले. आणि ओरडले.

श्रीधरच्या नावासमोरचं लाल जाऊन पिवळं झालं होतं. पुढे लिहिलं होतं: ‘चाचणी माल. दुपारी.’

हे सांगायला हवं. मिलमध्ये देखभालीतलं मशीन कायमचं बंद ठेवत नाहीत. तेलपाणी झालं की मंद वेळी, जेव्हा फारसं काम नसतं, तेव्हा त्यावर थोडी चुरी, म्हणजे तुटकी डाळ, टाकून पाहतात. चाललं तर ठीक. चाळणीत तो नियम होता आणि मी तूर-हरभरा काढताना तो काढायचा राहिला होता. चाळणीच्या हिशेबाने श्रीधर नावाच्या मशीनला तेलपाणी झालं होतं. आणि बेटावरची मंद वेळ म्हणजे भर दुपार. तेव्हा लांबच्या देशांचा रस्ता बंद होतो, गलका थांबतो. कुरियन त्या वेळी सेट बंदच ठेवायचे. पण जपान बंद झाला तरी अकोला बंद होत नाही. आपल्याकडचा रस्ता दुपारीही मोकळा असतो. हे मला माहीत होतं, चाळणीला नव्हतं.

“वहिनी, पिशवी ठेवा. जेवून घ्या. दुपारी येतायत.”

वहिनींनी पिशवी ठेवली नाही, टाकली. आणि नांदगावला नणंदेला फोन लावून मोबाईल सेटच्या भोंग्याला टेकवला. नणंद तिकडून ओरडली, “वयनी, काय ऐकू? चकल्या तळल्यासारखं येऊन राहिलं निरा!”

“दम धर!” वहिनी म्हणाल्या.

चकल्या तळल्या जात होत्या. मग त्यातून एक आवाज आला. आधी इंग्रजीत, कोणी आहे का. मग हिंदीत. कोणी नाही. पुन्हा इंग्रजीत, जरा पडलेला. आणि मग, एकटाच आहे म्हटल्यावर माणूस बोलतो तसा, “कोणी ऐकून राहिलं का बाप्पा?”

वहिनींनी तोंडाला पदर लावला.

मी बटण दाबलं, माझं परवान्याचं नाव सांगितलं. दोनदा. तिकडून काही नाही. गच्चीवर पळत गेले, टॉवेल ओढून काढला, खाली आले, पुन्हा सांगितलं.

“ताई! तुमी!” आवाज एकदम उभा राहिला. “तुमाले पाच-नऊ नाई देत. तीन-तीन आहे. खोटं कायले बोलू?”

“चालेल, भाऊ.”

“जेवण झालं का?”

वहिनी माझ्या दंडाला धरून हलवायला लागल्या. “इचारा, बीपीची गोळी घेतली का.” मी बोट वर केलं. परवाना नसलेल्या माणसाचा निरोप हवेतून सांगायचा नाही, हा कायदा. आणि नियम मोडायला नकार देणाऱ्या माणसाशी बोलताना मी कायदा मोडणार नव्हते. पण हॉलमध्ये किती माणसं आहेत, हे सांगायला बंदी नाही.

“भाऊ, इथे आम्ही दोघी आहोत.”

चकल्यांच्या खरखरीतून प्रश्न आला.

“दोघी?”

“दोघी.”

“बरं,” म्हणाले. घसा खाकरला. “मंग दोघीयनं ऐका.”

आणि हा माणूस बोलत सुटला. समुद्र कसा हिरवा, सकाळी वाऱ्याने तुरीच्या वावरासारखा कसा हलतो. खेकडे तंबूत कसे येतात आणि डॉक्टर खुर्चीवर चढून कसे बसतात. जेवणाला भाजी कशी नाही. मग म्हणाले, “मी खोलीत बसून इतके सालं काय करत होतो? काई नाई. एकच इचारत होतो, कोणी आहे का तिकडं. कोणी हो म्हटलं का लय बरं वाटे. सगळ्या दुनियेले इचारलं म्या, जेवण झालं का. घरी नाई इचारलं. तिनं ताट झाकून ठेवलं राहे, मी थंडगार जेवून घेओ अन् झोपून जाओ. झालं का तिचं, हे राहूनच गेलं इचारायचं.”

वहिनी रडत होत्या. लपवत नव्हत्या. सेटकडे पाहून, माझ्याकडे नाही, म्हणाल्या, “झालं हो माझं. झालं.” पण बटण मी दाबलेलं नव्हतं, त्यांचे शब्द हॉलमध्येच राहिले. मग मी बटण दाबून म्हटलं, “भाऊ, दोघींचंही जेवण झालं.” हा निरोप नव्हता, बातमी होती.

“बरं झालं,” म्हणाले.

मोबाईलमधून नणंदेचा आवाज आला, एकदम बारीक झालेला. “वं वयनी. दादा खरंच समुद्रातून बोलून राहिला का वं?”

“मंग!” वहिनी नाक पुसत म्हणाल्या. एवढंच. पण त्या ‘मंग’मध्ये त्यांनी नांदगावचा सगळा हिशेब चुकता केला. मग माझ्याकडे वळल्या. “घरी येवढं नाई बोलत हे, ताई. अन् बोलते त चांगलंच की वं हा माणूस.”

आमचं संपायची वाट पाहत बरेच जण बसले होते, हे नंतर कळलं. नागपूरचा एक, जबलपूरचा एक, बार्शीटाकळीचे एक निवृत्त मास्तर. सगळे कमी ताकदीचे सेट असलेले, चार दिवस त्या गलक्यात ओरडून ओरडून घसे बसलेले, कोणी त्यांना पकडलं नव्हतं. श्रीधरभाऊंनी त्या दुपारी एकेकाला घेतलं, जेवणाचं विचारून, हवेचं विचारून, मास्तरांना तुरीच्या फुलोऱ्याचं विचारून. मला खात्री होती, चाळणी आता त्यांना पुन्हा कांद्यावर बसवणार. पण दुपारच्या त्या तासाची आतापर्यंतची सरासरी होती शून्य, कारण तेव्हा कोणी बसतच नसे. शून्यापेक्षा श्रीधरभाऊंची चार-सहा पोती कितीतरी जास्त. चाळणीने हिरव्या अक्षरांत लिहिलं, ‘उत्तम. हेच मशीन, हाच वेळ.’ पुढचे सगळे दिवस दुपारची खुर्ची त्यांची पक्की झाली. सकाळी कांदे, दुपारी रेडिओ. वहिनींनी पिशवी पुन्हा भरली नाही. बेट बंद होईपर्यंत माझ्याकडेच राहिल्या आणि देशपांडेकाकूंना दुपारी टॉवेल घालू दिला नाही.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात आवडते. वहिनींनी पुस्तकं मागवली. श्रीधरभाऊंना वाटलं, चेष्टा. वहिनी अभ्यास करून परीक्षेला बसल्या, पास झाल्या, आणि पुढच्या तालमीला चिखलदऱ्याला आल्या त्या स्वतःचा परवाना घेऊन. चाळणीने त्यांना पाळी लावली. त्या बसल्या, पदर खोचला, कानाला यंत्र लावलं, आणि समोर ओरडणाऱ्या त्या सगळ्या जगाकडे त्यांनी जणू पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखं पाहिलं. नाव? पाच-नऊ. चला. नाव? पाच-नऊ. चला. कोणाला हवा विचारली नाही, कोणाला घरचं नाही. एक इटलीवाला काहीतरी लांबण लावायला गेला, त्याला “नो टाइम” म्हणून उडवला. तंबूतले लोक उठून मागे येऊन उभे राहिले. कुरियन स्क्रीनकडे पाहून नुसतं “पोती, पोती” म्हणत होते. यादीत सगळ्यात वर निर्मला. सगळ्यात खाली, लाल अक्षरात, श्रीधर.

मी स्वयंपाकाच्या तंबूत गेले. भाऊ कांदे चिरत बसले होते, बाजूला एक छोटा सेट उघडा ठेवून. त्यातून वहिनींचा आवाज येत होता.

“भाऊ, तो नियम काढून टाकू का आता? खरं सांगते, तुम्हाला असं इथे बसलेलं मला बघवत नाही.”

“श्शू,” म्हणाले. सुरी थांबवली, कान दिला. “ऐकू द्या.”

पाळी संपल्यावर वहिनी आल्या, घामाघूम, कानाजवळ यंत्राचा वळ उमटलेला. सतरंजीवर टेकल्या. श्रीधरभाऊंनी हात पुसले, बायकोकडे पाहिलं.

“जेवण झालं का वं तुह्यं?”

“कवा होईन?” वहिनी म्हणाल्या. “वाढा.”